क्रोशाच्या बाहुलीतून कापूस डोकावतोय? उसवायच्या आधी हे तपासा

बाळासाठी विणलेली बाहुली पूर्ण होते, शेवटचा धागा आत जातो, आणि खिडकीपाशी नेऊन पाहिलं की गालावर, डोक्यामागे, पोटाच्या फुगीर भागावर टाक्यांमधून पांढरं काहीतरी डोकावत असतं. क्रोशाच्या बाहुल्यांमधला हाच दोष मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केला आहे, स्वतःच्या कामातलाही आणि इतरांनी आणून दिलेल्या कामातलाही. शोकेसमध्ये ठेवायच्या बाहुलीत तो नुसता डोळ्यांना खुपतो. बाळाच्या बाहुलीत तेवढ्यावर भागत नाही, कारण बाळ ती तोंडात घालतं, चोखतं, चिमटीत धरून ओढतं. मी दिलेल्या एका सशाच्या मानेखालच्या फटीतून सात महिन्यांच्या बाळाने बोटभर लांब वात ओढून काढली होती. आई शेजारीच बसली होती म्हणून ती तोंडात गेली नाही. तेव्हापासून टाक्यांतून कापूस दिसला की ती बाहुली मी कुणाला देत नाही.

कापूस हा शब्द सवयीचा आहे. आत बहुतेक वेळा पॉलिएस्टर फायबर असतं आणि बाळाच्या वस्तूंसाठी तेच बरं. खरा कापूस धुतल्यावर गोळा होऊन बसतो आणि वाळायला फार वेळ घेतो.

लक्षणं: कापूस नेमका कुठे दिसतो?

हातात सुई घेण्याआधी दोन मिनिटं नुसती बाहुली फिरवून पाहा. दोष कुठे आहे, यावरूनच कारण बरंचसं कळतं.

अंगभर सारखे बारीक पांढरे ठिपके दिसत असतील तर हुक, लोकर आणि तुमचा हात यांचं जमलेलं नाही. फक्त सगळ्यात रुंद फेऱ्यांमध्ये दिसत असेल तर बहुधा जास्त भरलं गेलंय. डोक्याच्या किंवा पोटाच्या खालच्या उतारावर भोकांच्या सहा सरळ रेषा दिसत असतील तर टाके कमी करताना गडबड झाली आहे. डोक्याच्या अगदी टोकाला मधोमध एकच भोक असेल तर मॅजिक रिंग, म्हणजे विणायला सुरुवात करताना आवळलेलं धाग्याचं कडं, सुटते आहे. हात, पाय, कान किंवा मान जोडलेल्या जागी फट असेल तर शिवण सैल आहे. आणि बाहुली देताना छान होती, पहिल्या धुण्यानंतर बिघडली, असं असेल तर यातल्याच एखाद्या कारणाला पाण्याने उघडं पाडलेलं असतं.

एक लक्षण मात्र फसवं आहे. भोक कुठेच नाही, तरी पृष्ठभागावर बारीक तंतू येतात. तेव्हा तंतू चिमट्याने ओढून पाहा. ओढल्यावर लांबत बाहेर आला तर तो आतल्या फायबरचा. तुटून हातात आला तर तो लोकरीचा स्वतःचा. मखमली शेनील किंवा मोहेरसारख्या केसाळ लोकरींचं असं होतं, आणि त्यावर दुरुस्ती नाही. बाळासाठी ती लोकर वापरू नका, एवढंच.

पहिली तपासणी: उजेड, पेन्सिल आणि चिमटा

याला काही खर्च नाही आणि बाहुलीला धक्काही लागत नाही. उजेडात धरून रुंद भाग दोन अंगठ्यांनी थोडा ताणा, बाळाचा हात ओढेल तेवढाच. मग पेन्सिलीचं बोथट टोक संशय असलेल्या जागी टेकवा. टोक सहज आत शिरत असेल तर बाळाचं बोटही शिरेल. बोट अडकवून ओढलं की भोक मोठं होतं. त्यानंतर चिमट्याने फायबर पकडून पाहा. चिमट्यात आलं, तर चार-पाच दिवसांच्या चोखण्यानंतर बाळाच्या बोटांतही येणार.

नुसतं दिसतंय पण पेन्सिल जात नाही, चिमट्यात काही येत नाही, असं असेल तर पुढच्या दोन-तीन सोप्या उपायांत काम होतं. पेन्सिल जात असेल तर थेट खाली मॅजिक रिंग, जोड आणि घटीच्या, म्हणजे टाके कमी करण्याच्या, भागाकडे जा.

दुसरी: बाहेर कोणती बाजू आहे?

नव्याने शिकणाऱ्यांच्या कामात हे इतकं सर्रास दिसतं की मी हल्ली विचारायच्या आधी हेच बघते. सिंगल क्रोशेच्या, म्हणजे आपल्या मुक्या खांबाच्या, सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. उलट बाजूला त्याच्या जोडीला आडव्या दांड्या दिसतात आणि टाक्यांमधल्या फटी जास्त उठून दिसतात. गोलात विणताना काम आपोआप उलट बाजू बाहेर घेऊन वळतं आणि बऱ्याचजणी तसंच भरून टाकतात.

ओळखायची खूण सोपी आहे. विणत असलेली वाटी हातात धरा. तुमच्याकडच्या काठावर विणत असाल तर सुलट बाजू बाहेर आहे. पलीकडच्या काठावर, वाटीच्या आत डोकावत विणत असाल तर उलट बाजू बाहेर आहे. भरलं नसेल तर नुसती उलटवा. भरून बंद केलं असेल तर शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उसवून फायबर काढा, भाग उलटवा आणि पुन्हा भरा. एवढ्यावरच मिटलेल्या तक्रारी कितीतरी आहेत.

तिसरी: किती भरलं आणि कसं भरलं

भरपूर भरलं की बाहुली गुबगुबीत दिसते, पण विणलेलं कापड ताणतं आणि प्रत्येक टाका उघडा पडतो. डोळ्यांनी बघायचं असेल तर व्हीच्या दोन पायांकडे बघा. ते फाकून मधली आडवी रेघ दिसायला लागली असेल तर भरणं जास्त झालंय. अंगठ्याने दाबलं की भाग आत गेला पाहिजे आणि सावकाश वर आला पाहिजे. दगडासारखा घट्ट लागला तर मूठभर फायबर कमी करा.

फायबर पिशवीतून काढून तसंच कोंबू नका. बोटांनी पिंजून मोकळं करा आणि मोठ्या सैल पुंजक्यांनी भरा. बारीक बारीक गोळे भरले की प्रत्येक गोळा आतून वेगळा टेंगूळ काढतो आणि तिथले टाके फाकतात. क्रोशाच्या हुकने फायबर ढकलायची सवयही सोडा. हुकचं टोक तंतू पकडतं आणि परत येताना टाक्यातून बाहेर ओढतं. पेन्सिलीची बोथट बाजू किंवा चॉपस्टिक वापरा.

रंग हाही एक मुद्दा आहे. गडद निळ्या किंवा तपकिरी लोकरीत पांढरं फायबर बारीकशा फटीतूनही चमकतं. तीच फट फिकट रंगात कळतही नाही. म्हणून फिकट बाहुली निर्दोष आहे असं समजू नका. पेन्सिलीची तपासणी तिलाही करा.

चौथी: आत अस्तर

भरणं योग्य आहे, बाजू बरोबर आहे, भोकं लहान आहेत, तरी रंगामुळे पांढरं दिसतं, अशा वेळी अस्तर उपयोगी पडतं. लोकरीच्या रंगाच्या जवळचा जुना पातळ नायलॉन मोजा किंवा होजिअरीचा तुकडा घ्या. त्याची पिशवी करून त्यात फायबर भरा, तोंड दोऱ्याने पक्कं शिवा आणि ती पिशवी बाहुलीत घाला. एखादा टाका पुढे सुटला तरी फायबर बाळाच्या हाती लगेच लागत नाही.

पण अस्तर हा मोठ्या भोकांवरचा उपाय नाही. तसं केलं की दोष फक्त झाकला जातो आणि बोट अडकायचं ते अडकतंच. पेन्सिल आत जात होती ना? मग अस्तराच्या आधी भोक बुजवा.

पाचवी: मॅजिक रिंग

डोक्याच्या टोकाचं एकच भोक म्हणजे सुरुवातीच्या कड्याचं शेपूट सरकलंय. सुती धागा गुळगुळीत असल्यामुळे त्यात हे जास्त होतं. लोकरीसारखी केसाळ पकड त्याला नसते. सुरुवातीला १५ सेंटीमीटर तरी शेपूट ठेवा आणि आतून कड्याभोवती फिरवा. तीन वेळा एका दिशेने, मग दिशा बदलून पुन्हा. दिशा बदलणं महत्त्वाचं, कारण एकाच दिशेने ओवलेला धागा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो.

बाहुली आधीच बंद झाली असेल तर बाहेरूनही दुरुस्त होते. त्याच रंगाचा धागा बोथट सुईत ओवा, कड्याभोवतीच्या सहा टाक्यांच्या बुडातून एक फेरा मारा आणि ओढा. भोक मिटलं की आणखी एक फेरा उलट दिशेने. मग सुई आरपार दुसऱ्या बाजूला काढून, पुन्हा वेगळ्या वाटेने परत आणून धागा आतच ठेवा. वर गाठ मारून सोडू नका. बाळाच्या ओठांना आणि बोटांना गाठ लगेच सापडते.

सहावी: जोड

हात, कान, शेपटी जोडताना टाके मोजून शिवायचे. अंगाच्या प्रत्येक टाक्यासमोर भागाचा एक टाका. दोन सोडून तिसरा घेतला की मधे फट राहणारच. पुरी फेरी शिवून झाली की त्याच वाटेने दुसरी फेरी मारा.

मानेचं थोडं वेगळं आहे. बहुतेक नमुन्यांत डोकं आणि धड वेगवेगळं विणून अगदी अरुंद जागी जोडलेलं असतं. तिथे जड डोकं हलत राहतं, हलता हलता टाके लांबतात आणि फट पडते. सशाचं माझ्याकडून तेच झालं होतं. मान किमान १२ टाक्यांची ठेवा, शक्य असेल तर डोक्यापासून धडापर्यंत न तोडता सलग विणा, आणि मानेच्या आत फायबरचा सलग पुंजका जाऊ द्या, म्हणजे डोकं त्यावर टेकतं. मान ताठ राहावी म्हणून काहीजणी काडी किंवा तार घालतात. बाळाच्या बाहुलीत ते कधीही करू नका. कापडातून बाहेर आलं तर टोचतं.

सातवी: टाके कमी करताना पडलेली भोकं

इथून पुढे उसवावं लागतं. आधी चहाची सुट्टी घ्या आणि दिवसाउजेडी बसा.

गोळा विणताना आपण फेरीतले टाके ६, १२, १८, २४, ३०, ३६ असे वाढवतो, काही सरळ फेऱ्या घालतो आणि मग त्याच पायऱ्यांनी खाली येतो. खाली येताना दोन टाके एकत्र करायची नेहमीची पद्धत वापरली की तिथे एक गाठीसारखा उंचवटा येतो आणि त्याच्या शेजारी भोक पडतं. त्याऐवजी इनव्हिजिबल डिक्रीज, म्हणजे न दिसणारी घट, करा. पुढच्या दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे हुकवर घ्या, लोकर पकडून त्या दोन्हींतून ओढा, पुन्हा लोकर घेऊन हुकवरच्या उरलेल्या दोन फासांतून ओढा. मागचे धागे आत राहतात आणि समोरून एकच नीटस टाका दिसतो.

याने भोकं कमी होतात, पण सहा सरळ रेषा पूर्ण जात नाहीत. त्या येतात, कारण प्रत्येक फेरीत घट घटीवरच बसते. म्हणून एक सोडून एक फेरीत घट अर्धी पुढे सरकवायची. उदाहरणार्थ २४ चे १८ करताना नेहमी "२ टाके, १ घट" असं सहा वेळा विणतो. त्याऐवजी १ टाका, १ घट, मग "२ टाके, १ घट" पाच वेळा, आणि शेवटी १ टाका. हिशोब तोच, टाके १८ च राहतात, पण घट विखुरली जाते. भोकं एका रेषेत आली की आतलं फायबर नेमकं तिथूनच वाट काढतं, म्हणून हा खटाटोप.

भरायची वेळही लक्षात ठेवा. १८ टाके उरले की भरून घ्या, मग शेवटी थोडं थोडं. १२ किंवा ६ वर येऊन भरायला गेलात तर बोट आणि फायबर दोन्ही त्या तोंडातून कोंबताना तिथलेच टाके लांबतात. शेवटच्या सहा टाक्यांत बाहेरच्या बाजूने एकेका पुढच्या धाग्यातून सुई घेऊन ओढा, तोंड पूर्ण मिटतं.

आठवी: हुक, लोकर आणि हात

अंगभर ठिपके असतील तर दुरुस्तीने काही होत नाही. नव्याने विणावं लागतं. हे वाचून वाईट वाटेल, पण मी प्रत्येकीला हेच सांगते, कारण अर्धवट दुरुस्त केलेली बाहुली सहा महिन्यांनी परत येतेच.

लोकरीच्या लेबलवरचा हुकचा आकार शाल, स्वेटर, टोपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. तिथे कापड मऊ पडायला हवं असतं. बाहुलीचं कापड फायबर धरून ठेवणारं हवं. म्हणून लेबलवर ४ मिमी असेल तर मी २.५ किंवा ३ मिमी घेते. लोकर जाड तर हुकही त्या प्रमाणात, पण नेहमी लेबलपेक्षा एक ते दीड मिलीमीटर बारीक. हात सैल असेल तर अजून अर्धा कमी.

नमुना विणल्याशिवाय बाहुलीला हात घालू नका. ६, १२, १८, २४ पर्यंत वाढवा आणि तीन सरळ फेऱ्या घाला. ही छोटी टोपी अंगठ्यावर चढवून ताणा आणि खिडकीसमोर धरा. अंगठ्याची कातडी दिसली तर हुक बदला. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि आठवड्याभराची मेहनत वाचते.

हुक बदलूनही भोकं राहत असतील तर विणण्याची लकब तपासायची. दोन गोष्टी पाहा. पहिली, हुक टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून जातोय का. नकळत फक्त पुढचा धागा घेतला जात असेल तर प्रत्येक फेरीत आडवी रेघ उठते आणि कापड लवचिक, उघडं होतं. दुसरी, टाक्यातून हुक घातल्यावर लोकर कशी पकडता. लोकर हुकवरून आणून पकडली तर व्हीसारखा टाका पडतो. हुक लोकरीच्या वरून नेऊन तिला खाली ओढली तर फुलीसारखा टाका पडतो. हा फुलीचा टाका बसका आणि दाट असतो, फटी कमी ठेवतो. बाहुली मात्र थोडी लहान होते. बाळाच्या बाहुल्यांसाठी मी आता फुलीचाच टाका वापरते. एकाच बाहुलीत दोन्ही मिसळू नका, डोकं आणि धड यांचं माप जुळणार नाही.

घट्ट विणायचं म्हणून प्रत्येक टाका जोर लावून आवळू नका. हुकच बारीक घ्या. आवळून विणणाऱ्यांचा अंगठा आणि मनगट दुखायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी हात आपोआप सैल पडतो, मग डोकं घट्ट आणि पाय उघडे अशी बाहुली होते.

द्यायच्या आधी एकदा धुवा

गार पाणी, सौम्य साबण, बंद जाळीची पिशवी. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आतपर्यंत वाळू द्या. वरून कोरडी लागणारी बाहुली आत दमट असते आणि तिला बुरशी धरते. अॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री नको. एकदा जास्त तापलं की ती लोळागोळा होते आणि परत पूर्वीसारखी होत नाही. धुतल्यानंतर पहिली तपासणी पुन्हा करा. हा टप्पा वगळला की दोष बाळाच्या घरी जाऊन उघडा पडतो.

डोळ्यांबद्दल इथेच सांगते, कारण त्यांचा संबंध याच फटींशी आहे. प्लास्टिकचे सेफ्टी डोळे मागून वॉशरने पक्के बसतात हे खरं, पण टाका ताणला की वॉशरसकट अख्खा डोळा बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे धाग्याने भरतकाम करून काढा. मणी, बटणं, घुंगरू नकोत. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत लहान भाग ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात घालून पाहतात. पूर्ण मावला तर तो गिळण्याजोगा धरतात. तेवढं नळकांडं घरी नसतं, म्हणून टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीत मावणारी कोणतीही सुटी गोष्ट मी नाकारते.

टांगायचे ढग, चंद्र, तारे

पाळण्यावरच्या शोभेला हीच तपासणी लागते, फक्त खालून. बाळ वर बघतं, म्हणजे बंद केलेलं तोंड आणि घटीचा भाग नेमका त्याच्या डोळ्यांसमोर येतो. विणताना ती बाजू टांगायच्या दोऱ्याकडे ठेवा. बाळ हातापायांवर उठायला लागलं, किंवा पाच महिन्यांचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा पाळण्यावरचं सगळं काढायला आईवडिलांना सांगा. पहिल्या वर्षात झोपायच्या जागेत मऊ बाहुलीही नको. भेटीसोबत ही दोन वाक्यं कागदावर लिहून द्यायला मी संकोचत नाही.

इथे थांबा

दोन-तीन भोकं बुजवता येतात. तीनपेक्षा जास्त फेऱ्या उघड्या असतील तर बाहुली दुरुस्त करत बसू नका. शोकेसमध्ये ठेवा आणि बाळासाठी नवी विणा. बाहुली आजीच्या हातची, जपून ठेवायची असेल आणि लोकर कुजून टाके तुटत असतील तर सुईही लावू नका. जुन्या वस्त्रांची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे द्या, कारण अशा लोकरीत एक धागा ओढला की शेजारचे तीन तुटतात.

विकायला विणत असाल तर घरच्या पेन्सिलीवर आणि पुठ्ठ्याच्या नळीवर विसंबू नका. खेळण्यांच्या चाचणीची अधिकृत प्रयोगशाळा असते, तिथे नमुना द्या आणि तुम्ही जिथे विकता तिथले नियम आधी विचारून घ्या. छतात हुक ठोकायचा असेल तर सुताराला बोलवा, आणि जवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला.

अंगठा किंवा मनगट रात्रीही दुखत असेल, बोटं बधिर होत असतील तर विणणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि बाळाने फायबर, डोळा किंवा लोकरीचा तुकडा तोंडात घातला, आणि ते खोकतंय, श्वास घेताना आवाज येतोय, लाळ गळतेय किंवा दूध नाकारतंय, तर घशात बोट घालून शोधत बसू नका. तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. तुकडा गिळला असेल आणि बाळ वरवर ठीक दिसत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि बाहुली सोबत न्या, म्हणजे काय आणि केवढं गेलं असेल हे त्यांना बघता येईल.